केळीचा चीक

चित्र वाकडं टांगलेलं दिसलं की आबांना खरोखर मळमळायचं. धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते आणि खानदेशात कुठेही प्रदर्शन मांडायचं म्हटलं की लोक त्यांनाच बोलवायचे. मी तेव्हा नुकती कलाशिक्षिका झाले होते. प्रदर्शन मांडायला शिकवा म्हणून त्यांच्या मागेच लागले.

पहिले दोन दिवस त्यांनी मला खिळासुद्धा ठोकू दिला नाही. रिकाम्या भिंतीसमोर बसवलं आणि कोणतं चित्र कोणाशेजारी नांदेल ते बघ म्हणाले. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली, तेव्हा मी पास झाले असं समजले. उद्घाटनाची फीत, प्लास्टिकचे हार, चित्रांकडे पाठ करून मांडलेले सोफे, या सगळ्याची त्यांना शिसारी होती. "पाहुणे बघायला येत नाहीत, दिसायला येतात," हे ते पाहुण्यांच्या तोंडावर सांगत.

नव्वदच्या आसपास जळगावात नव्या चित्रकारांचं प्रदर्शन होतं. साक्रीकडची एक मुलगी पहिल्यांदाच चित्र देत होती. पांढऱ्या कॅनव्हासवर एकच बारीक काळी वाट. आबांनी ते दारासमोरच्या भिंतीवर एकटं लावलं आणि मला लक्ष ठेवायला सांगून जेवायला गेले. तेवढ्यात स्वागत समितीने कमानीसाठी ताजे केळीचे खांब आणले आणि माझ्यादेखत त्याच भिंतीला टेकवले. मोठी माणसं होती, मी गप्प बसले. खांब उचलले तेव्हा कॅनव्हासवर चिकाचे ओघळ उतरले होते. आबा परतले तेव्हा ते पाण्यासारखे होते, त्यांच्या नजरेत आले नाहीत; संध्याकाळपर्यंत ते तपकिरी झाले. केळीचा चीक धुऊन जात नाही, हे जळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी नेमके तेच ओघळ दाखवून हे काय म्हणून विचारलं. मी म्हणाले, "जमिनीचं दुःख." पाहुणे गहिवरले. भाषणात त्यांनी ते दोनदा वापरलं, टाळ्या घेतल्या. आठवलं की आजही मला माझी किळस येते.

मुलगी मागेच उभी होती. हळूच अहिराणीत म्हणाली, "आबा, हाऊ डाग मना नही शे."

भाषण चालू असतानाच आबांनी चित्र उतरवलं, तिच्या हातात दिलं आणि तिची माफी मागितली. मग माझ्याकडे वळले. "डाग पडला तेव्हा गप्प बसलीस. आणि बोललीस ते हे?"

आबा नंतर दोनदा साक्रीला जाऊन आले. तिने पुन्हा चित्र दिलं नाही. मी पुढे पुष्कळ प्रदर्शनं मांडली, चांगली मांडते असं लोक म्हणतात. आबा होते तोवर त्यातल्या एकालाही त्यांना बोलवायची माझी छाती झाली नाही.