वहिनीचा खोकला

पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीला अंगाचा रंग आधी देतात, पीतांबर नंतर. माझी वहिनी उलटं करायची. पांढरी मूर्ती हातात आली की आधी कमरेखाली पिवळा रंग. मग अंग रंगवताना पीतांबरावर शिंतोडे उडायचे आणि ते पुन्हा रंगवावं लागायचं. मालक ओरडायचा, "सुलभा, डबल काम कशाला?" ही ब्रश न थांबवता म्हणायची, "देव झाला म्हनून काय झालं? सगळ्यांसमोर उघडा बसवायचा व्हय?"

तशी ती तोंडाची भारी. कारखान्यात कुणी आगाऊपणा केला की, "ए, तुझ्या आयशीला ठाव हाय का तू काय बोलतोस?" एवढ्यावर तो गार. दादाशी माझं वाजलं तर मलाच झापायची, "भावोजी, कंपनीत सायबापुढं मान खाली, नि घरात आवाज?" पण स्वतःच्या अंगाचं काही तिच्या तोंडून कधी निघालं नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही ती दादाला "जरा बरं नाय" एवढंच म्हणाली. तो डोलवीला कामावर निघून गेला आणि पोरगी घरातच झाली.

मी धाटावच्या कंपनीत, राहायला रोह्यात. एकदा तिचा फोन आला. "दवाखान्यात जायचाय. रोह्यालाच. पेनला सगळी वळखतात. ह्यांना नका सांगू."

स्टेशनवर घ्यायला गेलो. रिक्षात बसण्याआधी पदर घट्ट धरून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "भावोजी, गाठ हाय. हितं." हात छातीशी गेला आणि लगेच खाली आला. मी म्हटलं, "चला, दवाखान्यात गर्दी होईल." कधीपासून, दुखते का, एक शब्द विचारला नाही. माझे कान तापले होते.

केसपेपरच्या खिडकीतल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "बाईंना काय होतंय?" मागं रांगेत माझ्या शिफ्टमधले दोघं उभे होते. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन असं तिला वाटलं असणार. मी मोबाइल काढून त्यात बघत राहिलो.

"खोकला," ती म्हणाली.

पेणहून आल्यापासून ती एकदाही खोकली नव्हती. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून तपासलं, औषध लिहून दिलं. बाहेर आल्यावर ती पुटपुटली, "बाई डॉक्टर असंल तवा येऊ परत." मी हो म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं मला, हेही सांगतो. ती बाटली तिनं शेवटच्या थेंबापर्यंत घेतली. नंतर फोनवर मी विचारायचो, "खोकला कसा आहे?" ती म्हणायची, "बरा हाय." परत जाऊ या, असं ना ती म्हणाली, ना मी.

वर्षाच्या आत गाठ फुटली. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर दादावर चिडले, इतके दिवस काय करत होतात? दादा माझ्याकडे वळला. रोह्याच्या फेरीचं त्याला मागाहून कळलं होतं. "तवा तुला काय बोलली होती रे?"

मी खाटेकडे पाहिलं. खाटेवरून तीच म्हणाली, "खोकलाच होता वो. भावोजींना काय ठाव?"

मी मान डोलावली. पाचव्या दिवशी ती गेली.

दादा अजून आल्यागेल्याला सांगतो, "कळलंच नाय आमाला. नुसता खोकला होता." मी शेजारी बसून चहा पितो.

नाही दादा. तिनं मला सांगितलं होतं.