गाडी मिस्त्रीसमोर उकळत नव्हती

आमच्या संघटनेत मला पत्रक लिहायला शिकवलं ते असं: आधी प्रश्न, मग जबाबदार कोण, शेवटी मागणी. जबाबदार सापडत नसेल तर पत्रक छापायचं नाही. मी पाच वर्षं असंच लिहिते आहे आणि ही पद्धत वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मामांची जीप उकळायला लागली, तेव्हा याच पद्धतीने मी एका माणसाचं नाव खराब केलं. केलं की नाही, हेही मला अजून नीट कळलेलं नाही.

मोहीम पांदण रस्त्यांची होती. शेतात जायच्या सरकारी वाटा ज्याने-त्याने दरवर्षी नांगराचं एक-एक तास, म्हणजे एक-एक ओळ, पुढे सरकवत आपल्या शेतात ओढल्या आहेत. जिथून दोन बैलगाड्या जायच्या तिथून आज फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तिरपं चालावं लागतं. आम्ही पंधरा दिवस गावोगाव फिरणार होतो. जीप आंजीच्या मामांनी दिली. वर भोंगा, समोर दिव्यापासून दिव्यापर्यंत ताणून बांधलेला फ्लेक्स: ‘पांदण मोकळी करा’. चालवायला आमचा एक दादा, पूर्वी ट्रॅक्टरवर होता. बोलायला मी.

मामांची एकच अट होती.

“काही झालं तं गाडी नालवाडीच्या मिस्त्रीकडंच नेजो. दुसऱ्यानं बोनेटले हात लावायचा नाई.”

हा मिस्त्री जीप घेतल्यापासून तिचं सगळं पाहतो. एका पावसाळ्यात जीप नाल्यात रुतली होती, तेव्हा तो दुकान बंद करून दोरखंड घेऊन आला होता. मामा त्याला भाऊ म्हणतात आणि तसंच मानतात. महिनाभर आधी त्यानेच रेडिएटरचा पाइप बदलला होता. गाडी उकळायला लागली तेव्हा मला हेच आधी आठवलं. पत्रकाचा दुसरा परिच्छेद, ‘जबाबदार कोण’, मला तिथेच दिसायला लागला होता.

पहिल्यांदा गाडी उकळली ती तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. एका गावात आम्ही माणसाच्या चालीने गाडी हाकत होतो, मी भोंग्यावर बोलत होते, आणि दादा एकदम म्हणाला, “ताई, काटा पाह्य.” काटा लाल पट्टीत होता. बोनेटच्या फटीतून वाफ निघाली, बाजूच्या बाटलीतून हिरवं पाणी फसफसून रस्त्यावर सांडलं. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तर दादाने मनगट धरलं.

“मराचं हाय काय? थंड होऊ दे.”

तासभर आम्ही कडुनिंबाखाली बसलो. गावातल्या तीन माणसांनी तीन कारणं सांगितली. एक म्हणाला पंप गेला. दुसरा म्हणाला पंखा कमजोर आहे. तिसऱ्याने विचारलं, “एवढं ऊन हाय, मानूस उकळून राह्यला, तं गाडी काऊन नाई उकळनार?” मग दादाने बादलीभर पाणी ओतलं आणि आम्ही निघालो. घरी येईपर्यंत काटा मधोमध. काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी नालवाडीला नेली. मिस्त्रीने झाकण पाहिलं, पाइप दाबून पाहिले, पट्टा बोटाने ओढून पाहिला. मग बोनेट उघडं ठेवून गाडी अर्धा तास चालू ठेवली. आम्ही चहा प्यायलो. काटा मध्यावर चढला, पंख्याच्या वाऱ्याने तिथेच थांबला, हलेना.

“गाडी चांगली हाय,” तो म्हणाला.

“मग काल उकळली कशी?”

“आता माह्यासमोर नाई उकळत तं मी का सांगू, पोरी? दुखते कुठं ते पेशंटनं सांगाव लागते.”

मला हे उडवाउडवीचं वाटलं. तहसीलमध्येही असंच ऐकायला मिळतं. तुमची पांदण नकाशात आहे, मग तक्रार कशाची?

त्यानंतर सुरू झालं ते मला अजून आठवलं की डोकं धरावंसं वाटतं. गाडी जाताना उकळायची, येताना नाही. दादा म्हणाला, सकाळी चढ आहे. पण आमच्याकडे चढ आहे कुठे? मी म्हटलं, दुपारचं ऊन. तर एका संध्याकाळी, परत येताना, चांगला वारा सुटलेला असताना, हिंगणघाटच्या रस्त्याला लागण्याआधीच्या गावात ती उकळली. म्हणजे ऊनही नाही. मी वहीत लिहायला लागले: कुठे, किती वाजता, किती माणसं बसली होती. दोन पानं भरली, त्यातून काहीही निघालं नाही. पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. पुन्हा अर्धा तास, पुन्हा चहा, पुन्हा काटा मधोमध. या वेळी मी दुकानातच विचारलं, “काका, तुम्ही पाइप बदलल्यापासूनच हे कसं काय सुरू झालं?”

तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक नालवाडीतला किराणा व्यापारी होता, त्याचा माल पोचवायचा टेम्पो दुरुस्तीला आलेला होता. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, “तुह्या मामाले इचार.”

त्याच दुपारी गाडी त्या दिवसाच्या तिसऱ्या गावात उकळली. लोक जमले होते, सभा मोडली. मी रस्त्याच्या कडेला उभ्या-उभ्या फोन काढला आणि तालुक्याच्या ग्रुपवर लिहिलं: ‘सावधान! नालवाडीच्या वळणावरच्या गॅरेजातून गाडी “चांगली आहे” सांगून परत दिली जाते आणि ती भर रस्त्यात उकळते. अशांना जाब विचारा.’ नाव लिहिलं नव्हतं. वळणावर गॅरेज एकच आहे.

संध्याकाळी मामांचा फोन आला.

“तुले कोनं सांगतलं थे लिवाले?”

“मामा, गाडी पुन्हा पुन्हा—”

“गाडीचं नाई इचारलं. त्या टेम्पोवाल्यानं आपला टेम्पो उचलून दुसरीकडं नेला म्हन्तात. तीस वर्सं झाले मानूस वळखतो मी. तू चार दिवसात वळखला काय?”

मी म्हटलं, ओळख आणि जबाबदारी वेगळी असते. वाक्य चांगलं होतं. मामांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मिस्त्री स्वतः आमच्या दारात मोटारसायकलवर हजर. मला वाटलं भांडायला आला. त्याने पायरीवर बसून पाणी मागितलं आणि म्हणाला, “आज मी बसतो गाडीत. तुमी रोज जशी काढता, तशीच काढा. माह्यासाठी काही बदलू नका.”

आम्ही रोजच्यासारखं आवरलं. भोंगा लावला. दादाने मागच्या सीटवरून फ्लेक्सची घडी काढली, वरच्या दोऱ्या बांधल्या, खालच्या दोऱ्या ताणल्या. मिस्त्री पायरीवरून उठला.

“हे रोज बांधता?”

“हो, रोज.”

“मंग माह्याकडं आनली तवा कुठं होतं?”

मी अगदी सरळ उत्तर दिलं, कारण त्यात मला अभिमानच होता. गॅरेजात नेताना आम्ही फ्लेक्स काढून घडी करतो. ऑइलचे हात लागतात, अक्षरं खराब होतात. शिवाय त्याच्या दुकानात दहा तऱ्हेची माणसं येतात, आमच्या मोहिमेचा शिक्का त्याच्यावर कशाला? ही शिस्त आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवली आहे. येतानाही काढतोच, वाऱ्याने दोऱ्या तुटतात म्हणून. एकदाच राहिला होता.

“कवा?”

मी वही उघडली. हिंगणघाटच्या रस्त्याआधीचं गाव. संध्याकाळ.

मिस्त्रीने फ्लेक्सवर पंजा ठेवला. मागे जाळी होती, जाळीमागे रेडिएटर. “आता सांग, हवा कुठून जाईन? प्लाष्टिक हाय हे. वरून तुमी बैलाच्या चालीनं चालवता. पंख्यानं बाहेरून हवा वढाव का तुमचं भाषन?”

दादा हसला. मी नाही हसले. मी म्हटलं, हे सिद्ध करून दाखवा. तेव्हाही मला पुरावा हवा होता, आणि आजही वाटतं की ते मागणं चूक नव्हतं. तो म्हणाला, चला. फ्लेक्स बांधून आम्ही दोन गावं भोंग्याच्या चालीने फिरलो. काटा चढत गेला. लाल पट्टीच्या जरा खाली आला तेव्हा त्याने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि दोऱ्या सोडल्या. आम्ही तिघं काट्याकडे पाहत बसलो. तो खाली आला, हळूहळू, कुणीतरी बोटाने ओढतंय तसा.

मग त्याने गाडी थंड होऊ दिली, झाकण उघडलं, त्याचं रबर नखाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, “हेही दबलेलं हाय, दाब धरत नाई. मी पाह्यलं तवा मले ठीक वाटलं. बदलतो. अन् नुसतं पानी वतत राह्यले तुमी, त्यानं आतून जंग धरते.”

आता सांगा, जबाबदार कोण? फ्लेक्स बांधणारे आम्ही? सभ्यपणा म्हणून तो काढून गाडी गॅरेजात नेणारे आम्ही? दबलेलं रबर न दिसलेला मिस्त्री? पाणी ओतणारा दादा? मला इतकी वर्षं एक माणूस लागायचा, आणि इथे दोष थोडा-थोडा सगळ्यांकडे वाटलेला होता. त्यातला मोठा वाटा आमच्याकडे होता, एवढं मात्र मोजता येत होतं.

मी म्हटलं, “काका, आज ग्रुपवर खुलासा टाकते.”

“नको टाकू,” तो म्हणाला. “ज्याईनं पह्यलं वाचलं नाई, थेही आता वाचतीन.”

हे मला पटलं, आणि मग पटेना. त्याचा गप्प राहण्याचा हक्क मोठा की माझं बोललेलं मागे घेण्याचं कर्तव्य? दिवसभर ठरेना. आधी मी व्यापाऱ्याकडे गेले. तो तांदळाच्या पोत्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं, फ्लेक्ससकट.

तो म्हणाला, “टेम्पो मी तुमच्या मेसेजनं नाई नेला, बाई. मिस्त्री टाइम लावते लई, माल अडकते. म्हनून नेला.”

“खरंच?”

“नाई तं का.” मग पोत्याचा दोरा ओढत त्याने विचारलं, “तुमचं थे पांदनीचं तरी पाहून लिवलं ना?”

मी म्हटलं, चालून पाहिलं आहे. त्याने मान हलवली, पण ती हो म्हणणारी होती की ऐकल्याची, मला कळलं नाही. तो मला बरं वाटावं म्हणून बोलला की टेम्पोचं खरंच तसं होतं, तेही कळलं नाही.

घरी येऊन मी मिस्त्रीचं न ऐकता खुलासा टाकला. चार ओळी. गाडी आमच्या फ्लेक्समुळे उकळत होती. मिस्त्रीने सोबत बसून दोष शोधला. आधीचा मजकूर मी न तपासता लिहिला, तो चुकीचा होता. खाली माझं नाव. लिहायला सर्वांत जास्त वेळ लागलेलं ते माझं पत्रक आहे.

एकाने विचारलं, ‘ताई, पहिलं खरं का हे खरं?’

‘हे,’ मी लिहिलं.



दुसऱ्या दिवशी मुद्दाम नालवाडीच्या वळणावरून गेले. गॅरेजसमोर दोन गाड्या उभ्या होत्या आणि मिस्त्री एकीच्या खाली होता, फक्त पाय दिसत होते. गाड्या माझ्या पहिल्या मजकुराआधीपासूनच्या होत्या की खुलाशानंतर नव्या आल्या होत्या, हे विचारायला मी थांबले. पाय हलत राहिले. मी न विचारताच पुढे निघाले.