जांभळ्या घासातली अमरवेल

करमाडच्या अलीकडं, जालना रस्त्याच्या खालच्या अंगाला आमच्या कृषी संशोधन केंद्राचं प्रयोगाचं शेत होतं. मी तिथं नुकतीच कनिष्ठ सहायक म्हणून लागले होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि मी रोज सकाळी तिथून एसटीनं येत असे.

आमचं काम हिरवळीच्या खताचं. पीक वाढवायचं आणि फुलावर आलं की नांगरून मातीत गाडायचं. त्यासाठी आपल्याकडं ताग पेरतात, पण तागासाठी पावसाळ्यात रान अडकवायला कुणी राजी नसतो. म्हणून आमचे सर, केंद्राचे प्रमुख, थंडीत वाढणारं पीक शोधत होते. त्या वर्षी बाहेरच्या देशातून मिल्क व्हेचचं बी आलं होतं. त्याला मराठीत नाव नव्हतं. पहिली फुलं दिसली आणि गडीमाणसं त्याला जांभळा घास म्हणू लागली. आम्हीही तेच म्हणू लागलो.

वाफे असे काही भरले की पाहत राहावं. मी रोप उपटून मुळं धुवायची, गाठी नखानं फोडायची. आतून लालसर निघाल्या, म्हणजे त्या हवेतलं नत्र धरतायत, की सर खूश. महिन्याअखेर आसपासच्या शेतकऱ्यांना बोलावून, त्यांच्यासमोर हे पीक गाडून दाखवायचं ठरलं होतं.

बांधाला लागून एका मेंढपाळ मावशीचं रान होतं. नवरा मेंढ्यांमागं फिरायचा आणि ही गाभण मेंढ्यांसाठी विहिरीच्या पाण्यावर लसूणघासाचा तुकडा राखायची. वाफ्यांच्या कडेचं पीक मोजमापात धरत नसत. ते कापलं की सर तिला नेऊ द्यायचे. ती भारा डोक्यावर घेऊन जायची, आणि मेंढ्या लांबूनच ओरडू लागायच्या.

एका सकाळी कोपऱ्यातल्या वाफ्यात मला पिवळा दोरा दिसला. वाटलं, पोत्याच्या शिलाईचा असेल. उचलायला गेले तर तो उचलेना. रोपाच्या देठाला त्यानं वेढे घातले होते. ना पान, ना मूळ. मी खाली बसले, आणि बसल्यावर तसे आणखी दिसले.

अमरवेल पुस्तकात शिकले होते, घरच्या बोरीवरही पाहिली होती. पण ही बारीक होती, आणि ती बियाण्यातूनच आली असणार, कारण त्या रानात आधी कुणी पाहिली नव्हती.

सरांना बोलावलं. ते वाकून एकेक देठ तपासत गेले.

"हातानं वेचून काढा," ते म्हणाले. "कार्यक्रम तोंडावर आलाय. आत्ता वाफे जाळले तर वर्ष गेलं."

"सर, तुकडा राहिला तरी तो पुन्हा धरतो."

"मला माहीत आहे. तरी वेचा."

आम्ही वेचत राहिलो. सकाळी साफ केलेल्या वाफ्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं दिसायचं, कधी आदल्या दिवशीपेक्षा जास्त. जांभळी फुलं वर डोलत असायची आणि खाली देठ आवळले जात असायचे. गडीमाणसांनी तिथं बसून डबे खाणं सोडलं.

मग मला मावशीचे भारे आठवले. त्यांतून वेलीचे तुकडे तिच्या रानात गेले असणार. दुपारी बांध ओलांडून गेले. तिच्या लसूणघासात मधोमध परातीएवढा पिवळा डाग पडला होता, आणि दोऱ्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे झुपके होते. काही झुपक्यांत बोंडं धरली होती.

"मावशी, हे कधीपासून आहे?"

"लई दिस झालं. केस पिकल्यावानी दिसतंय ना? मेंढ्या खातात की."

"त्यांना देऊ नका. बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. हा तुकडा जाळायला हवा."

तिनं विळा खाली टाकला. "जाळू? मेंढ्या विणार हायेत. त्यांनी काय माती खावी?"

मी जाऊन सरांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्यक्रम रद्द केला. पीक कापून जागेवरच वाळवलं, त्यावर तुराट्या पसरल्या आणि पेटवून दिलं. दाट धूर दिवसभर रस्त्याकडं सरकत होता. सर स्वतः काठीनं तुराट्या आत सारत होते.

मग आम्ही दोघं मावशीकडं गेलो. केंद्राच्या रानातला कडबा द्यायचं सरांनी कबूल केलं, तेव्हा ती तयार झाली. तिचा लसूणघासही जळाला. मला वाटलं, निभावलं.

परत फिरताना तिचा नवरा मेंढ्यांना पाणी दाखवत होता. मी सहज विचारलं, "दादा, आता कुठं जाणार?"

"आमचं ठरल्यालं हाय. खतासाठी मेंढ्या बसवायच्या. आदी करमाडला कांद्याच्या रानात, मंग तिथून शेंद्र्याकडं. धा-बारा जणांला जबान दिलीया."

सर जागच्या जागी थांबले. "मेंढ्या थोडे दिवस इथंच ठेवता येतील? त्यांच्या पोटात त्या वेलीचं बी आहे."

"कडब्यावर किती दिस ठिवू, साहेब? अन् रानवाले वाट बघत्यात. आमी नाय गेलो तर दुसरे जातील. पुढल्या साली कोण इचारतंय आमाला?"

मेंढ्या निघाल्या त्या दिवशी मी करमाडच्या कांदेवाल्याला गाठलं आणि लेंड्यांतून वेलीचं बी रानात पडेल, असं सांगितलं. म्हातारा चांगला माणूस. त्यानं खाट टाकली, चहा पाजला, आणि हसून म्हणाला, "पोरी, आमच्या बापजाद्यापासून मेंढ्या बसतात इथं. मेंढीच्या लेंडीनं कुणाचं रान बिघडलंय व्हय?" तो बोलत असताना कळप मागच्या रानात शिरत होता. सगळ्या रानभर पसरून मेंढ्या निवांत बसल्या.

पुढच्या हिवाळ्यात मी कामासाठी जालन्याला निघाले होते, तेव्हा एसटी त्याच्या रानाजवळून जाताना खिडकीतून पाहिलं. हिरव्या कांद्यात दोन ठिकाणी पिवळं होतं. मी उतरले. म्हातारा बांधावर उभा होता. आता तो हसला नाही.

"किती वर्सं ऱ्हातं हे?" त्यानं विचारलं.

"बी मातीत बरीच वर्षं टिकतं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि शेंद्र्याकडं हात केला. "तिकडं माझ्या सोयऱ्याचं रान हाय. त्येच्याबी हरभऱ्यात निघालंय. अन् त्येच्या पल्याडच्याच्याबी."