कर्नलसाहेबांना कोकम सरबत

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचा निनाद भारतीय सैन्यात अधिकारी झाला, त्यात त्याच्या वडिलांचा काडीचाही वाटा नाही. वडील म्हणजे मी.

निनाद शारजात बारावीला होता तेव्हाची गोष्ट. गल्फमधल्या मुलाला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला घालायचं तर एनआरआय कोटा, आणि त्या कोट्याची फी डॉलरमध्ये! मी ती आधी दिरहॅम-फिल्समध्ये करायचो, मग रुपये-पैशांत, मग पाणी प्यायचो. अशात एके दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आय वॉन्ट टू जॉइन द आर्मी."

मी हादरलो. एसी बंद पडला की ज्याला ताप येतो, तो सीमेवर जाणार? पण सैन्याच्या अकादमीत निवड झाली की पदवीचं शिक्षण, राहणं, जेवण, कपडे सगळं सरकार करतं, असं त्याने सांगितलं. त्या क्षणी माझ्या छातीत जी देशभक्ती उसळली, ती पाहून सुलभा (माझी बायको) नुसती हसली.

अडचण निवडीच्या मुलाखतीची होती. सुलभाच्या मैत्रिणीचे वडील निवृत्त कर्नल, नुकतेच दुबईला लेकीकडे आलेले. अशा मुलाखती त्यांनी वर्षानुवर्षं घेतल्या होत्या. त्यांचा निरोप आला : मुलगा मनापासून येणारा वाटला तर इथे आहे तोवर शिकवीन, फुकटचं कॉलेज शोधणारा निघाला तर जेवेन आणि जाईन.

मग आमच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. कर्नल मी. (हातात लाटणं.)

"सैन्यात का यायचंय?"

"बिकॉज आय लाइक इट."

"देश कुठाय त्यात? आधी देश आला पाहिजे!"

"बाबा, आय ॲक्च्युअली मीन इट."

"ते मीनबीन नंतर. पाठ कर."

स्वयंपाकघरातून सुलभा म्हणाली, "त्याला सोडा. तुम्ही काय बोलणार ते ठरवा आधी. पैशाचा प काढायचा नाही."

"मला कोण विचारतंय?" मी म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी कर्नलसाहेब दुबईहून निघाले आणि शारजाच्या रस्त्यावर इतका वेळ अडकले, की तेवढ्यात एखादं छोटं युद्ध आटोपलं असतं. आले ते लालबुंद होऊन. भिंतीवरच्या उंटांच्या चित्रावर मी भारताचा नकाशा टांगला होता, तो एसीच्या वाऱ्याने सारखा उडून खालचे उंट दाखवत होता. साहेबांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि प्यायला काय आहे ते विचारलं.

"कोकम सरबत," मी म्हणालो. "साहेब, शारजात दारूबंदी आहे."

त्यांनी तो ग्लास शत्रूच्या हातून घ्यावा तसा घेतला. माझा धीर खचला. एवढ्यात त्यांनी निनादला विचारलं, "सैन्यात का?"

मी ओठ हलवून त्याला पहिलं वाक्य सांगू लागलो. पोराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारा हा मुलगा चक्क मराठीत म्हणाला, "सर, माझा जन्म इथला. पण इथे दर तीन वर्षांनी आमचा व्हिसा रिन्यू होतो, आणि तो होईपर्यंत आई-बाबा नीट झोपत नाहीत. मला अशा जागेसाठी काम करायचंय, जिथून मला कोणी जा म्हणू शकणार नाही."

सुलभाने पदर डोळ्यांना लावला. माझ्या पाठांतरातला एक शब्द त्यात नव्हता, तरी त्याच पदराचं दुसरं टोक मी ओढून घेतलं! साहेबांनी उरलेलं सरबत एका घोटात संपवलं आणि म्हणाले, "उद्यापासून सकाळी ये माझ्याकडे."

जिंकलो होतो हो! आता फक्त गप्प बसायचं होतं.

पण साहेब माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ. "एकुलता एक आहे तुमचा. बर्फात राहील, वर्षवर्ष दिसणार नाही. बाप म्हणून मनात काय असेल ते मोकळेपणाने विचारा."

सुलभाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. पण तोवर उशीर झाला होता.

"साहेब, नक्की ना, एक फिल्सही भरावा लागणार नाही?"