चाकामागचा दगड

आमच्या जीपमध्ये डाव्या सीटखाली एक काळा दगड असायचा. गाडी चढावर थांबली की डावीकडे बसलेल्याने उतरायचं आणि तो मागच्या चाकाला लावायचा. हँडब्रेक कधीचाच कामातून गेला होता. पायाचा ब्रेकही दोन-तीनदा दाबल्याशिवाय लागत नसे.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेत, आणि शेतातच घर. नाला ओलांडला की चढ लागतो, आणि फाटक त्या चढावरच. रानडुकरं केळीत शिरतात म्हणून ते कायम लावलेलं. म्हणजे दर फेरीला गाडी तिथे थांबणारच. आमचे मालक हयात होते तेव्हा दगड मी लावायचे. नंतर सून लावायला लागली. मग नात शाळेत जायला लागली, बापाशेजारी पुढे बसायला लागली, आणि ते काम तिच्याकडे गेलं. दुसरीतली पोर. घरी येईल त्याला सांगायची, "माझ्याशिवाय पप्पाची गाडी थांबतच नाही."

गाडी जुनी, फोरव्हीलची. नाल्याला पाणी असलं तरी निघून जाते, म्हणून घरात सगळ्यांचा तिच्यावर भरवसा. दसऱ्याला तिला धुवायचं, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. गॅरेजचं तोंड मात्र ती बंद पडली तरच बघायची. मुलगा म्हणायचा, "चालतेय ना माय." कापणी झाली की नेऊ, पाऊस उघडला की नेऊ. अशी कित्येक वर्षं गेली.

एके दिवशी शाळेतून पोरीला घेऊन येताना मी मागे, खताच्या गोणीवर बसले होते. फाटकापाशी गाडी थांबली. पोर उडी मारून उतरली, दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून मागे आली आणि चाकाजवळ वाकली. तेवढ्यात इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकली. हातभर असेल. मुलगा ब्रेक दाबत होता, पुन्हा दाबत होता, त्या पायाचा आवाज मला ऐकू येत होता. वरून मला फक्त पोरीचा भांग दिसत होता. मग तोही दिसेना. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

गाडी थांबली. दगडाने थांबली की ब्रेकने, मला आजही माहीत नाही. पोर बाजूला उभी राहिली. बोट खरचटलं होतं. "लागी गया दगड!" म्हणाली आणि फाटक उघडायला पळाली.

मुलगा स्टिअरिंग धरून तसाच बसला होता.

मी म्हटलं, "उद्या गॅरेज."

"माय, परवा केळी भरायला ट्रक येणार आहे."

"केळी सडू दे."

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेले. एकटा गेला असता तर नुसतं ऑइल बदलून आला असता. चोपड्यापर्यंत तो बैलगाडीसारखी हाकत होता. मागून एसटी हॉर्न मारत होती. मी दगड मांडीवर घेऊन बसले होते. सपाट डांबरी रस्त्यावर त्याचा काय उपयोग? पण खाली ठेववेना.

मिस्त्रीने मागचं चाक काढून आतला ड्रम उघडला. ब्रेकचे लायनर गळणाऱ्या तेलाने भिजलेले, झिजून पार लोखंडाला टेकलेले. हँडब्रेकची केबल गंजून जागीच चिकटलेली. गिअरबॉक्समधून निघालं ते तेल होतं की डांबर, कळेना. तो एकेक वस्तू फडक्यावर मांडत गेला.

"भाऊ, शेवटलं कधी उघाडेल व्हतं हे?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला.

"अक्काकडे काय देखस? गाडी तू चालाडस ना?"

मी म्हटलं, "जे जे राहिलं असेल ते बठ्ठं कर."

"मग आज गाडी भेटाव नही, अक्का."

"नको भेटू दे."

गाडी तिथेच राहिली. ती तयार झाल्याचा फोन आला तेव्हा आणायला पुन्हा मीच गेले. येताना चढावर मुलाने हँडब्रेक ओढला आणि दोन्ही पाय वर घेतले. "देख माय." मी दाराला धरून बसले होते. मला गाडी मागे जातेय असंच वाटत होतं. बाहेरच्या बाभळीवर नजर ठेवली. बाभूळ जागची हलत नव्हती, म्हणजे आम्हीही नव्हतो. तरी हात सुटेना. तो उतरून फाटक उघडून आला, गाडी तशीच उभी.

घरी आल्यावर त्याने गाडी मागे घेत शेडमध्ये घालायला सुरुवात केली. आवाज ऐकून पोर घरातून पळत आली. दगड गाडीत होता, म्हणून तिने न्हाणीजवळची वीट उचलली आणि मागच्या चाकाकडे धावली. मला ती आरशात दिसली.

"थांब!" या वेळी आवाज निघाला.

मुलाने ब्रेक मारला. गाडी जागेवर थांबली. वीट टाकायला पोर वाकली होती, चाक तिच्यापासून वीतभर.

मी उतरले, वीट काढून घेतली आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही.

"मग आता मी काय करू?"

"बसून राहायचं. गाडी पार बंद होईपर्यंत जवळ यायचं नाही."

तिचं तोंड एवढंसं झालं. काम गेलं ना तिचं.

दगड मी नाल्यात टाकून दिला. गाडी आता म्हणशील तिथे थांबते. पण शेडमध्ये घालायला ती मागे येऊ लागली की मी हातातलं काम टाकते आणि पोरीला हाका मारत सुटते. ती दिसेपर्यंत थांबत नाही.