आईच्या बरणीतला समुद्र

समुद्राशी इतक्या घरगुती सलगीने वागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: आखातात जुबैलला आमच्या शेजारी राहणारा फिनलंडचा समुद्रशास्त्रज्ञ. माझा नवरा खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणाऱ्या कारखान्यात होता, आणि हा गृहस्थ तिथेच समुद्र तपासायचा. तपासायचा म्हणजे चक्क चाखायचा. ओठांवर थेंब ठेवून, आमटी चाखणाऱ्या सुगरणीसारखे डोळे मिटायचा. नवऱ्याच्या रत्नागिरीकर मित्रांचे ऐकून मला तोही वहिनीच म्हणे. "वहिनी, आज मीठ जरा जास्त पडलंय!" त्याच्या गावचा समुद्र म्हणे इतका अळणी, की हिवाळ्यात गोठतो आणि माणसे त्यावरून चालत जातात. गावाची आठवण अनावर झाली की तो आमच्या फ्रीजरचे दार उघडून उभा राहायचा, आणि भर उन्हाळ्यात मोटारीच्या काचा लावून, आत शीळ घालत, घाम गाळत बसायचा. त्यांच्याकडचे वाफेचे स्नान म्हणे असेच. "बेशुद्ध पडला तर कळणार कसं?" नवरा विचारी. "शीळ थांबली की," मी म्हणे.

मग युद्ध आले. भोंगे वाजू लागले, खिडक्यांवर चिकटपट्ट्या चढल्या, निम्मी वसाहत मायदेशी गेली. आम्ही गॅसमास्क उशाशी घेऊन झोपत असू. त्याच्या मास्कमध्ये संत्री ठेवलेली असत. पण उत्तरेकडून तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला आणि त्याची शीळ थांबली. वाऱ्याला डांबराचा वास आला, लाटांचा आवाज जड झाला. एका सकाळी तो दारात उभा, दाढीला काळे ओघळ. "वहिनी, नमुन्याच्या बाटल्या संपल्या, दुकानं बंद. रुंद तोंडाची बरणी द्या. यल्ला, लवकर!"

घरात एकच होती, आईने दिलेली लोणच्याची. आई आदल्याच श्रावणात गेली होती, आणि बरणीवरच्या कागदावर तिचे किरटे अक्षर तेवढे माझ्यापाशी उरले होते: 'लिंबू. अधूनमधून ऊन दाखवावे.'

"अहो, नमुन्यात हिंग निघेल!" नवरा म्हणाला.

"हिंग मी वजा करीन."

मी लोणचे पातेल्यात काढले. "परत आणाल ना?"

"उद्याच." मग कागदावर बोट ठेवून त्याने अर्थ विचारला. मी सांगितला. तो गंभीरपणे म्हणाला, "अगदी शास्त्रशुद्ध."

तो उद्या उजाडला नाही. बरणी पुरावा म्हणून मोहोरबंद झाली आणि त्याच्याबरोबर फिनलंडला गेली. काही वर्षांनी पत्र आले. काळे पाणी घेऊन तो समुद्राची दाद मागायला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होता. 'दारं उघडेनात, म्हणून आत राहायलाच निघालो,' असे लिहून त्याने कळवले होते, की तो निवडणूक लढवून खासदार झाला आहे. सोबत प्रचाराचे भित्तिपत्रक होते. बर्फात तो उभा, टाय वाकडा, छातीशी बरणी, आणि तिच्यावर, तिथे एकालाही वाचता न येणारे, आईचे अक्षर.

बरणी परत मागायची, हे मी ठरवलेच होते. पण पत्राच्या तळाशी होते: 'सध्या सूर्य जेमतेम तीन तास येतो, तोही ढगांआडून. बरणी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आहे. ऊन पडलं की आधी तिला दाखवतो.'

मी मागितली नाही. हिवाळ्यात जुबैलच्या गच्चीवर कोवळे ऊन उतरते, तेव्हा मी त्यात तळहात पसरून उभी राहते आणि त्याला हळूच सांगते, जरा तिकडेही जाऊन ये.