काकूंच्या मधपेटीची खिडकी

आधी काकूंचं सांगतो, मग खिडकीचं. काकूंचं नाव लिहिणार नाही, त्यांनीच बजावलंय. नाव घातलंस तर इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला गणपतीपर्यंत पिडतील, म्हणाल्या. म्हणून नुसतं काकू. त्या इथे अमेरिकेत तरुणपणी डॉक्टर म्हणून आल्या, आता रिटायर्ड आहेत, आणि काका जाऊन चार वर्षं झाली. मी गडहिंग्लजकडचा सुतार. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. इथे आधी आलेल्या मोठ्या भावानं मला इकडे आणायचा अर्ज केला, तो मंजूर होईपर्यंत माझी चाळिशी आली. त्याच्याकडे, या नोव्हाय गावी उतरलो, आणि सहा महिन्यांत भावाची बदली टेक्सासला झाली. तू पण चल, म्हणाला. पण मला नुकतंच किचन कॅबिनेटच्या कारखान्यात काम लागलं होतं, आणि नव्या घरात माझ्यासाठी खोली नसणार, हे न सांगता कळलं होतं.

तेव्हा मंडळात ओळख झालेल्या काकूंनी आपल्या घराच्या बेसमेंटमधली खोली दिली. गाडीच्या लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तक त्यांनी मला डायनिंग टेबलाशी बसवून पानापानानं वाचून दाखवलं. मी दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा त्या सोबत आल्या आणि बाहेर स्वेटर विणत बसून राहिल्या. माझ्या नावाचं कसलंही पाकीट आलं की वाटतं, आता परत पाठवणार. ती पाकिटं मी न उघडता काकूंसमोर ठेवायचो. त्या चष्मा लावून वाचायच्या आणि म्हणायच्या, काही नाही रे, जाहिरात आहे. एवढं ऐकलं की मला जेवण जायचं.

काकांना मधमाशांचा नाद होता. मागच्या अंगणात त्यांची एक पेटी राहिलेली. काका गेल्यावर काकूंनी ती चालू ठेवली, पण दोन वर्षं लागोपाठ माशा हिवाळ्यात मेल्या. इथे थंडीत पेटी उघडायची नसते. झाकण काढलं की आतली ऊब गेली. त्यामुळे आत काय चाललंय ते एप्रिलशिवाय कळत नाही. दोन्ही वर्षी काकूंनी एप्रिलमध्ये मोठ्या आशेनं झाकण काढलं आणि आत मेलेल्या माशांचा थर. गेल्या वर्षी नवीन माशा आणल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या, या पेटीला खिडकी कर. काच लाव. मला एप्रिलपर्यंत वाट बघायची नाही.

आणि भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, पुढचं म्हणाल्या, "या खेपेला पण गेल्या ना, तर पेटी देऊन टाकते आणि घर विकते. मुलगा म्हणतोच आहे, चल सांता क्लाराला. मी तरी किती दिवस एकटी भांडणार त्याच्याशी?"

घर विकलं की माझी खोली गेली. खोली काय, दुसरी मिळाली असती. पण काही नाही रे, असं म्हणणारं माणूस मला या देशात दुसरं कुठे मिळणार होतं?

मी कारखान्यातून पाइनच्या फळ्या आणल्या आणि कामाला लागलो. इथल्या मोजायच्या टेपबद्दल थोडं सांगायला हवं. पहिल्या दिवशी फोरमन मला फाइव्ह एट्थ, फाइव्ह एट्थ असं काहीतरी म्हणत होता आणि मला घाम फुटला होता. मग टेपवर त्यानं बोट ठेवलं तेव्हा लक्षात आलं, अरे, हे तर पाच सूत. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, वडिलांनी मला दहाव्या वर्षी शिकवलेलं. एवढ्या लांब येऊन आपलं सूत भेटेल असं वाटलं नव्हतं. मी हसलो, फोरमनला वाटलं मी त्याला हसतोय.

पहिली खिडकी मी नेहमीच्या कपाटासारखी केली. काच बाहेरच्या अंगाला, फळीच्या बरोबरीत. दिसायला सुरेख. दोन आठवड्यांत माशांनी काचेला आतून पोळं बांधून टाकलं आणि मेणाशिवाय काही दिसेना. काकू काठी टेकत आल्या, बघितलं आणि खूप हसल्या. "सुतारमहाराज, खिडकी करायला सांगितली होती, भिंत नाही," म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. माशांना जायला-यायला सात-आठ मिलिमीटर जागा लागते. त्याहून जास्त सोडली तर त्या तिथे पोळं बांधतात, कमी सोडली तर डिंकानं बुजवतात. मी टेप लावून बघितलं. दोन सुतांच्या वर, तीन सुतांच्या आत. पेटीत टांगलेली पोळ्याची चौकट आणि फळी यांच्यात तेवढी जागा होतीच. मी काच बाहेर लावून फळीची जाडी त्यात घातली, आणि सगळी मिळून इंचभर जागा केली. चूक सरळ होती. माशा आपल्या सुतात चालतात असं मी म्हटलं, तर काकू म्हणाल्या, मग तुझ्यापेक्षा त्यांनाच टेप दे.

दुसऱ्यांदा काच आतल्या अंगाला बरोबरीत बसवली. बाहेरच्या बाजूला फळीच्या जाडीएवढा खळगा राहिला, त्यात थर्माकोलचा तुकडा घट्ट दाबून बसवला, त्यावर बिजागरीची झडप. माशा हलवताना मला सात डंख बसले, पण ऑगस्टपासून आतलं सगळं दिसायला लागलं. काकू खुर्ची टाकून बसायच्या. कोणती माशी नाचते, कोणती पहारा देते, हे मला बोटानं दाखवायच्या.

नोव्हेंबरात काकूंना मणक्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे सांता क्लाराला जावं लागलं. जाताना त्यांनी मला तीनदा सांगितलं. रविवारी एकदाच झडप उघडायची, दोन मिनिटं बघायचं, थर्माकोल परत घट्ट बसवायचा आणि मला फोन करायचा. बास.

त्या गेल्या आणि घर मोठं झालं. साडेतीनला कारखाना सुटायचा. गाडीत बसलो की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचं कारण नसायचं. बर्फ पडला की गल्लीत कुणी दिसत नाही, गॅरेजची दारं वर होतात, गाड्या आत जातात, दारं खाली. मी शेगडी बंद केली का ते बघायला वर जायचो, परत खाली यायचो, परत वर. भावाला फोन केला की पुतण्या उचलायचा आणि म्हणायचा, डॅड इज ड्रायव्हिंग.

पहिल्या रविवारी झडप उघडली. माशा एकमेकींना धरून नारळाएवढा गोळा करून बसल्या होत्या. राणी मधोमध. बाहेरच्या बाजूच्या हळूहळू आत सरकायच्या, आतल्या बाहेर यायच्या. ऊब राहावी म्हणून सगळ्यांची अंगं बारीक थरथरत होती. खिडकी दक्षिणेला, उन्हाच्या बाजूला होती म्हणून असेल, गोळा काचेजवळच होता. मी तळहात काचेवर ठेवला. बाहेर नखं निळी पडतील अशी थंडी, आणि काच कोमट.

सोमवारी परत उघडली. फक्त हात ठेवायला म्हणून. मंगळवारीही. पुढे रोजच, कामाला जायच्या आधी, बोटांत चहाचा कप धरून. दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची दहा. मला माहीत होतं हे चूक आहे. रविवारी फोनवर काकूंनी विचारलं की मी सांगायचो, हो, आजच उघडली, छान आहेत.

जानेवारीत एक आठवडा हाडं फोडणारी थंडी आली. त्या आठवड्यातल्या एका सकाळी झडप उघडली तर काच घामेजली होती. आतून थेंब ओघळत होते, आणि काचेच्या तळाशी बर्फाची पट्टी. बर्फात माशा चिकटलेल्या. गोळा मागे सरकला होता, लहान दिसत होता. मी थर्माकोल हातात घेऊन बघितला. रोज काढून घालून त्याचे कोपरे झिजले होते, भुगा होऊन पडले होते. खाचेत बसवला तर कडेनं फट राहत होती. एक सूत. त्या एका सुतातून थंडी काचेला भिडत होती, आणि माशांच्या श्वासाची वाफ काचेवर पाणी होऊन त्यांच्याच अंगावर पडत होती. मधमाशी कोरडी असली तर थंडी काढते, भिजली की मरते, हे काकूंनी सांगितलेलं होतं.

त्या रविवारी काकूंचा आवाज थकलेला होता, लांबत लांबत जानेवारीत झालेल्या ऑपरेशनला दहा दिवस झाले होते. माशा कशा आहेत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छान आहेत. फोन ठेवला आणि जेवलो नाही.

उपाय माझ्या डोळ्यांसमोर होता, बेसमेंटच्या खिडकीत. इथल्या घरांना दोन काचा असतात, मध्ये बंद हवा. बाहेर कितीही गारठा असो, आतली काच कोरडी. पेटी न उघडता बाहेरच्या खळग्यात दुसरी काच बसणार होती. कारखान्यातून काच कापून आणली, कडेनं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी चिकटवली, दोन काचांमध्ये दोन सूत हवा ठेवली. ऊन पडलेल्या एका दुपारी ती बसवली. पेटीच्या मागच्या बाजूखाली पातळ पट्टी सारली, म्हणजे पेटी माशांच्या दाराकडे कलेल आणि आत साठलेलं पाणी बाहेर जाईल. झडपेला आतून नवा थर्माकोल लावला. आणि मग झडपेलाच चार स्क्रू मारले. सहज हातानं उघडता येऊ नये म्हणून. कुणाच्या, ते मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी काकूंना सगळं सांगितलं. रोज उघडत होतो, थर्माकोल झिजला, काच घामेजली, माशा मेल्या, आणि तुमच्याशी खोटं बोललो. त्यांनी आधी आकडा विचारला.

"किती मेल्या?"

"मूठभर दिसल्या. आत किती, माहीत नाही. आता झडप बंद केलीय."

"मूठभर तर मरतातच हिवाळ्यात. रोज का उघडत होतास?"

सवय लागली, म्हणालो.

"मग मला रोज फोन करायचास, वेड्या. मी काय, इथे पडूनच आहे. सून ऑफिसात, मुलगा ऑफिसात. मलाही कोण आहे दिवसभर?"

त्या दिवसापासून साडेतीनला, गाडीत बसल्या बसल्या, काकूंचा फोन. बोलायला काही नसायचं. आज किती पावलं चालल्या, मी काय जेवलो. त्यांच्या मुलानं घर बघायला एक एजंट पाठवला होता. तो येऊन खोल्या मोजून गेला, तेही मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, आणि लगेच विचारलं, आज काय जेवलास? सहा आठवडे मी स्क्रूला हात लावला नाही. पेटीला कानही लावला नाही, काही ऐकू आलं नाही तर काय करायचं या भीतीनं.

मार्चमध्ये एका दुपारी ऊन तापलं, छपरावरचा बर्फ गळायला लागला. मी व्हिडिओ कॉल लावला, फोन बर्फात उभा केला आणि स्क्रू काढले. चौथा निघेना, पेचकस दोनदा घसरला. काकू म्हणाल्या, सावकाश, पळून नाही जात त्या. झडप उघडली. दोन्ही काचा कोरड्या. नारळाएवढा गोळा मोसंबीएवढा राहिला होता, पण हलत होता. दोन-तीन माशा दारातून बाहेर येऊन उन्हात उडाल्यासुद्धा.

काकूंनी फोनवरून मान वळवली आणि खोलीतल्या मुलाला इंग्रजीत सांगितलं, एजंटला नाही म्हणून कळव. तो काहीतरी बोलला. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

डॉक्टरांनी त्यांना जूनपर्यंत विमानप्रवास नाकारलाय. तोवर मी इथे एकटाच आहे, आणि हे सगळं अजून साडेतीनच्या फोनवर चाललंय. काकूंनी माझ्यासाठी जे केलं ते कशानं फेडायचं, मला समजत नाही. मला येतं ते एवढंच. त्यांना आता वाकता येणार नाही, म्हणून त्या खुर्चीत बसल्या की डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर, चारी बाजूंनी दुहेरी काचेची एक पेटी मी त्यांना करून देणार आहे. या जूनपर्यंत नाही झाली तर पुढच्या, पण करून देणार. आणि त्यानं फिटलं नाही, तर दुसरं काही शिकेन.